शकिलाची रिकामी पाकिटं

तो मंगळवार होता आणि मंगळवारी आमच्या उपकेंद्रात लसीकरण असतं. गोवराची बाटली नुकतीच फोडली होती. समोर नऊ महिन्यांचं एक लेकरू आईच्या मांडीवर, त्याचा दंड माझ्या डाव्या हातात, उजव्या हातात सुई, आणि टेबलावर फोन थरथरला. रफिकभाईंचं नाव दिसलं. लेकराला टोचून झाल्यावर मी फोन उचलला. पलीकडून थोडा वेळ नुसते दवाखान्याचे आवाज येत राहिले, कुणाचा तरी खोकला, स्ट्रेचरची चाकं... मग ते म्हणाले, “सिस्टर, शकिला गुजर गयी.” मी “बरं” म्हणाले. एवढंच म्हणाले. बाहेर ओट्यावर अजून पाच लेकरं होती आणि फोडलेली बाटली चार तासांच्या आत वापरावी लागते, नाहीतर फेकून द्यावी लागते. मी पाचही लेकरांना लस दिली. ताप आला तर कोणती गोळी किती द्यायची, टोचल्या जागी काही चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, अर्धा तास इथंच बसायचं, हे सगळं सांगितलं. हे सांगणं खरं तर शकिलाचं काम. त्या ओट्यावर उभी राहून बारा वर्षं तीच सांगत आली होती, आणि त्या दिवशी तिचीच वाक्यं मी तिच्याच क्रमानं म्हणत होते. शेवटचं लेकरू गेल्यावर हे माझ्या लक्षात आलं. मग मी दार लावून घेतलं.

मी या उपकेंद्राची नर्स. शिरड शहापूरहून आत वळणाऱ्या रस्त्यावरची पाच गावं माझ्याकडे आहेत आणि त्या पाच गावांच्या सहा आशा. मी बदलून आले तेव्हा शकिला आधीपासूनच इथे आशा म्हणून काम करत होती. दहावी पास, रफिकभाई टेलरांची बायको. त्यांची शिलाई मशीन घराच्या पुढच्या खोलीत. ब्लाउज सैल करून घ्यायला कोण आलं यावरून गावात कुणाला दिवस गेलेत हे शकिलाला त्या बाईच्या नवऱ्याआधी कळायचं. मी तिला एकदा म्हटलं, तुझी अर्धी नोकरी तुझा नवराच करतो. ती म्हणाली, मग अर्धी भाकरीपण तोच खातो की. अशी ती. बुटकी, भराभर चालणारी, डोक्यावरचा पदर पिनेनं घट्ट बसवलेला, खांद्याला आशांची ती जाड पिशवी, आणि बाराही महिने नखांना मेंदी. हिंदूंच्या घरात ती सरळ चुलीपर्यंत जायची. सासवा कुरकुरायच्या. ती त्यांना मावशी म्हणायची आणि त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करत करत सुनेच्या हातात लाल गोळी ठेवायची.

लाल गोळी म्हणजे लोहाची गोळी. आमच्या भागात पोटुशी बाई आली की पहिलं बोट टोचून रक्त बघायचं, आणि ते बहुतेक वेळा कमीच निघतं. मग गोळ्या सुरू. पण त्या घ्यायला बाया नाखूश. तोंडाला लोखंडाची चव येते, मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे पोरगं काळं निपजतं. शकिलानं यावर स्वतःची रीत बसवली होती. पहिली गोळी तिच्यासमोर घ्यायची. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, ते गोळीचं लोखंड आहे. आणि गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट फेकायचं नाही, तिला दाखवायचं, तरच नवं मिळणार. एका घरची सून फार चलाख होती. गोळी जिभेखाली दडवून “घेतली” म्हणायची. शकिला तिच्यासमोर बसली आणि तिच्या माहेरच्या गप्पा काढल्या. भाऊ काय करतो, वहिनी कशी आहे, विहिरीला पाणी किती... पंधरा मिनिटांनी सुनेच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ आला. शकिलानं तिला पाण्याचा तांब्या दिला आणि काही न बोलता उठून आली. ही गोष्ट आम्ही सगळ्या आशांच्या बैठकीत किती वेळा सांगून हसलो असू.

आणि इथंच ते आलं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. आमच्या धंद्यात एक समजूत हाडात मुरलेली असते. गोळ्या देऊनही रक्त वाढलं नाही, तर बाई गोळ्या घेत नाही, उकिरड्यावर टाकते. ही समजूत हवेतून आलेली नाही. एका पावसाळ्यात एका घरामागच्या गटारात मी स्वतः लाल पाणी वाहताना बघितलं आहे, तीन महिन्यांच्या गोळ्या तिथं विरघळत होत्या. दहापैकी नऊ वेळा आमचा संशय खरा निघतो. म्हणून दहाव्या वेळी आम्ही विचारतसुद्धा नाही. बाईकडे बघून मान हलवतो आणि कागदावर “गोळ्या नियमित घेत नाही” असं लिहून मोकळ्या होतो. मी असं किती बायांबद्दल लिहिलं असेल, देव जाणे.

शकिलाला आवेचा त्रास होता. म्हणजे आम्ही त्याला आव म्हणायचो. वर्षातून तीन-चार वेळा पोटात मुरडा, शेंब पडणं, कधी रक्तही. आमच्याकडे आव कुणाला लागत नाही? विहिरीचं पाणी, उघड्यावरचं खाणं, त्यात कुणाला नवल वाटत नाही. ती यायची, दाराच्या चौकटीला टेकून म्हणायची, “सिस्टर, पुन्हा आव पडून राहिली, द्या तुमच्या त्या कडू गोळ्या.” मी ट्रेमधून पाच दिवसांच्या काढून द्यायचे. पाच दिवसांत थोडं बरं वाटायचं, महिनाभरानं पुन्हा तेच. तपासणीला कोणत्याही घरी गेली की आधी संडास कुठे आहे ते ती बघून ठेवायची. औंढ्याला बैठकीला जायचं असेल तर सकाळपासून पाणी प्यायची नाही, चहासुद्धा नाही, एसटीत मध्येच उतरावं लागेल म्हणून. मी तिची टिंगल करायचे. सरकारला सांगते, म्हणायचे, गावातल्या सगळ्या संडासांची पाहणी शकिलानं फुकट करून दिली आहे. ती हसायची. आता आठवलं की वाटतं, तिला हसण्याखेरीज मी दुसरं काय करू दिलं?

रक्ताचं कळलं ते योगायोगानं. बोट टोचून आकडा दाखवणारं नवं यंत्र आलं होतं आणि ते कसं वापरायचं हे मला सहा आशांना शिकवायचं होतं. बोट कुणाचं, म्हटल्यावर शकिलानंच पुढे केलं. बारा हवा तिथे आकडा आला आठ पूर्णांक दोन. पाचही जणी हसल्या. सगळ्या गावाला गोळ्या चारणारीचंच रक्त कमी. मीही हसले आणि तिला गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. खरं तर मी तिचा हात हातात घेऊन नखं बघायला हवी होती, ती मेंदीखाली पांढरी पडली होती. डोळ्याची खालची पापणी ओढून बघायला हवी होती. पोटुशा बायांची मी हेच तर बघते. पण शकिला माझ्यासाठी पेशंट नव्हती, ती टेबलाच्या माझ्या बाजूची होती. आणि हसता हसता ती ओंजळीतून काहीतरी तोंडात टाकत होती. कच्चे तांदूळ. त्या दिवसांत तिच्या पिशवीत नेहमी कच्च्या तांदळाची पुडी असायची. माती, खडू, कच्चे तांदूळ खाणाऱ्या बाईचं रक्त बघावं हे मीच या सगळ्यांना शिकवलं होतं.

तीन महिन्यांनी मासिक बैठकीच्या दिवशी पुन्हा बोट टोचलं. सात पूर्णांक चार. कमी झालं होतं. त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. वरून माहिती मागितली होती, एका आशानं यादी अर्धीच आणली होती, खिडकीजवळ दोन पोटुशा बाया ताटकळत होत्या. मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “शकिला, खरं सांग. गोळ्या उकिरड्यावर टाकतेस ना?” तिनं बोटावरचा कापूस दाबून धरला होता. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी टाकीन, सिस्टर? मी?” मी म्हणाले, मग रक्त काहून वाढत नाही? ‘काहून’ हा त्यांच्यातलाच शब्द मी वापरला, त्यांच्यातली होऊन, म्हणजे ते अजून लागावं. कौसाताई, आमच्यातली सगळ्यात जुनी आशा, उगाच पिशवीतले कागद चाळू लागली. मी पुढचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला शकिला उपकेंद्रात आली. पिशवीतून पाकीट काढलं, माझ्या टेबलावरचा स्टीलचा ग्लास उचलला, माठातून भरला, गोळी जिभेवर ठेवून मला दाखवली, पाणी प्यायली आणि तोंड उघडून दाखवलं. जीभ वर करून. त्या चलाख सुनेनंतर ती स्वतः प्रत्येक सुनेला करायला लावायची, अगदी तसं. मग ग्लास पालथा घालून निघून गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, अगं पुरे, मी काय पोलीस आहे का. ती म्हणाली, न्हाई सिस्टर, नियम म्हणजे नियम. त्यात राग होता हे मला कळत होतं, पण आतून मला बरंही वाटत होतं हे कबूल करायला हवं. वाटत होतं, बघा, आता घेते आहे, आता वाढेल. संध्याकाळची गोळीही मीच दुप्पट केली. पंधरा-वीस दिवसांत तिचा राग विरला, पुन्हा गप्पा सुरू झाल्या, पण साडेनऊची गोळी आणि तो ग्लास तिनं सोडला नाही. कधी कधी गोळी घेतल्यावर ती बाकावर बसायची, पोट दाबून, कपाळावर घाम. “पोटात आग पडून राहिली,” म्हणायची. मी म्हणायचे, जेवून घेत जा, सगळ्यांनाच होतं, सवय होईल. मी हे वाक्य हजार बायांना सांगितलं आहे. त्यातल्या बहुतेकींना सवय झाली.

रमजानमध्ये तिनं पहाटे सहरीला गोळी घेतली आणि दिवसभर रोजा धरून सर्वे केला. तिसऱ्या रोजाला ती एका घराच्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. लोकांनी चेहऱ्यावर पाणी मारलं. रफिकभाई मशीन सोडून तसेच धावत आले, गळ्यात टेप लटकत होता. मी जाऊन नाडी बघितली तर मोजताही येईना इतकी जलद. तिथं, त्या पायरीवर, पहिल्यांदा मी तिची पापणी ओढून बघितली. आत रंगच नव्हता.

नांदेडला पोटाच्या डॉक्टर होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. आधी रक्त चढवलं, मग दुर्बीण घालून आतडं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि रफिकभाईंना केबिनमध्ये बोलावलं. रोगाचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. आव नाही. मोठ्या आतड्याला सूज, आतून जखमा, कितीतरी वर्षांपासून. तिथून रोज थोडं थोडं रक्त जात होतं. मी विचारलं, पण गोळ्या चालू होत्या, डॉक्टर, रोज घेत होती, माझ्यासमोर. त्या म्हणाल्या, “आत एवढी सूज असली की शरीर पोटातून लोह घेतच नाही, सिस्टर. दारच लावून घेतं. गोळी तशीच खाली जाते आणि जखमेवर अजून त्रास देते. हिला लोह शिरेतूनच द्यायला हवं होतं.” मग त्यांनी विचारलं की गोळ्या कुणी दिल्या होत्या. मी म्हणाले, मीच. डॉक्टरांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणजे दोन्ही गोष्टी माझ्याजवळच होत्या. आव मला ठाऊक होती, कमी रक्तही मला ठाऊक होतं. एकीसाठी मी ट्रेमधल्या कडू गोळ्या दिल्या, दुसरीसाठी कपाटातल्या लाल. ट्रे आणि कपाट यांच्यात चार पावलांचं अंतर आहे. इतक्या वर्षांत मी ती चार पावलं चालून दोन्ही एकत्र ठेवून बघितलं नाही... याला अज्ञान म्हणता येईल. मला नर्सिंगच्या शाळेत कोलायटिसबद्दल दोन ओळींपेक्षा जास्त कुणी शिकवलं नाही, हेही खरं. पण बाईला खोटं ठरवायला कुणी शिकवलं होतं? ते मी आपलं आपण शिकले.

सलाईनमधून लोह दिलं, आतड्याच्या गोळ्या सुरू झाल्या, लाल गोळ्या बंद झाल्या. आणि तिनं जी उभारी धरली ती बघण्यासारखी होती. दोन महिन्यांत रक्त दहावर आलं. तांदळाची पुडी पिशवीतून गेली. बकरी ईदला तिनं मला घरी बोलावलं आणि माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी केली, आणि स्वतः माझ्यासमोर पोटभर जेवली, मध्ये एकदाही न उठता. तिची मुलगी हिना, तेव्हा बारावीला होती, अम्मीकडे टक लावून बघत होती. नांदेडहून परत येताना एसटीत मी एकदा बोलायचा प्रयत्न केला होता. म्हणाले, शकिला, त्या दिवशी मी जे बोलले... तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “जाऊ द्या ना सिस्टर. तुमी काय मुद्दाम केलं का?” आणि खिडकीबाहेर बघू लागली. मला ते पुरलं नाही. मी जे बोलले होते ते चारचौघींत बोलले होते. ते मागे घ्यायचं तर चारचौघींतच घ्यायला हवं होतं. मी ठरवलं होतं की पुढच्या मासिक बैठकीत उभं राहून सांगायचं, शकिला गोळ्या टाकत नव्हती, चूक माझी होती. पुढच्या बैठकीला वरचे साहेब आले. त्याच्या पुढच्या बैठकीला शकिला आली नाही. त्याच्या पुढे मला वाटलं, आता ती बरी झाली, हसते-बोलते, गाडलेलं मढं कशाला उकरायचं. खरं कारण एवढंच की त्या पाच जणींसमोर मला लाज वाटत होती. ‘चुकलं’ हा एक शब्द माझ्याजवळच राहिला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की लोह पुन्हा लागेल, चार महिन्यांनी तपासून जा. चार महिने झाले तेव्हा घरोघरचा सर्वे निघाला. शकिला म्हणाली, सर्वे झाला की जाते. मी म्हणाले, बरं. हा “बरं” माझ्या तोंडून फार सहज निघतो. सर्वे संपता संपता तिला पुन्हा रक्त पडायला लागलं, दिवसाला दहा-बारा वेळा. या वेळी तिनं मला लगेच सांगितलं आणि या वेळी मी तिला त्याच दिवशी गाडी करून नांदेडला पाठवलं, हे सांगून मला माझं काही हलकं करायचं नाही. उशीर झालाच होता. आतड्याची सूज औषधाला दाद देईना. ताप चढला, पोट फुगलं. शेवटी आतडं फाटलं आणि ऑपरेशन करावं लागलं. अंगात आधीच रक्त नव्हतं, सोसायला काही उरलंच नव्हतं. ऑपरेशननंतर ती तीन दिवस होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला भेटले. दुपारची वेळ होती, वॉर्डात जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज होता. तिच्या नखांवरची मेंदी अर्धी वाढून पुढे सरकली होती, मागून आलेला भाग पांढरा. मी तिचे पाय चेपत बसले. ती डोळे मिटून होती आणि मी मनातल्या मनात ते वाक्य जुळवत होते. शेजारच्या कॉटवर बाई होती, तिचे नातेवाईक होते, हिना होती, म्हणजे चारचौघं होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं डोळे उघडले. म्हणाली, “सिस्टर, हिनाला कधी आव लागली तर तुमच्या त्या गोळ्या देऊ नका. सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवा.” मी म्हणाले, पाठवीन. ती म्हणाली, “पोरगी खोटं न्हाई बोलत.” मग पुन्हा डोळे मिटले. माझं जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं, मी पाय चेपत राहिले. ती मला टोचायला बोललीच नव्हती, ती आईसारखं बोलली होती. म्हणूनच ते इतकं आत गेलं असावं.

तिच्या मौतीच्या चाळिसाव्या दिवशी मी घरी गेले होते. पुढच्या खोलीत रफिकभाईंची मशीन कापड टाकून झाकलेली होती. जेवणं झाल्यावर हिनानं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. झाकण घट्ट बसलेलं. “असं एका कोपऱ्यात अंगठ्यानं दाबायचं, अम्मी असंच उघडायची,” म्हणाली आणि उघडून दाखवलं. आत लाल गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. महिन्यामहिन्याचा गठ्ठा, त्याला रफिकभाईंच्या शिलाईच्या दोऱ्याची गाठ. मी त्या बैठकीत बोलले त्यानंतरची नव्हती ती नुसती. पहिल्या दिवसापासूनची होती, जेव्हा तिला कुणी विचारलंही नव्हतं. जो नियम तिनं साऱ्या गावाला लावला तो ती स्वतःच्या घरात, एकटीनं, पाळत होती. सगळ्यात वर एक पाकीट होतं, त्यात चार गोळ्या शिल्लक होत्या, आणि त्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, “डॉक्टरनी बंद केल्या.” हिना म्हणाली, “अम्मी म्हणायची, सिस्टरनी मागितल्या तर दाखवायच्या.” मी कधी मागितल्याच नव्हत्या. संशय घ्यायला मला वेळ होता, पुरावा बघायला नव्हता. मी डबा मांडीवर घेऊन बसले. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. हिनानं मला पाणी आणून दिलं, ते मी प्यायले.

गेल्या आठवड्यात मासिक बैठक झाली. शकिलाच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, पाचच जणी होत्या. बाकावर कोपऱ्यातली जागा रिकामी होती आणि तिथं कुणी पिशवीही ठेवली नाही. खिडकीजवळ पोटुशा बाया होत्या, त्या दिवशी होत्या तशाच. मी डबा टेबलावर ठेवला, कोपऱ्यात अंगठ्यानं दाबून उघडला आणि गठ्ठे बाहेर काढून ग्लासाच्या बाजूला मांडले. उभी राहिले. म्हणाले, “शकिलानं एकही गोळी टाकली नव्हती. मी तिला तुमच्यासमोर खोटं ठरवलं होतं. ते माझं चुकलं.” ठरवलेलं याहून मोठं होतं, पण एवढंच निघालं. पाचही जणी गठ्ठ्यांकडे बघत होत्या. एकीनं पदर तोंडाला लावला. मग कौसाताई हळूच म्हणाली, “आमाला तवाच ठाऊक होतं, सिस्टर.”

मी गठ्ठे एकेक करून डब्यात ठेवले, वरचं चार गोळ्यांचं पाकीट शेवटी ठेवलं आणि झाकण लावलं. खिडकीजवळची पहिली बाई पुढे आली. तिचं रक्त मागच्या महिन्यापेक्षा कमी आलं होतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मी काय म्हणते याची वाट बघत. मी तिला बसायला सांगितलं, माठातून ग्लास भरून तिच्या हातात दिला आणि विचारलं, “पोटाला काही तकलीफ आहे का, बाई? सांग. मी ऐकते आहे.”